मलमाच्या बरणीतलं लोणचं आणि बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात एक ओळ टाकली होती, कुणाच्या घरी जुन्या दवाखान्याचं नाहीतर औषधाच्या दुकानाचं काही सामान पडलं असेल तर फोटो काढून पाठवा, काय आहे ते सांगतो. वाटलं चार-पाच येतील, तर फोनची मेमरीच फुल्ल झाली. आमचे अण्णा सांगलीत एका डॉक्टरांकडं कंपाउंडर होते, मी शाळा सुटली की तिथल्या बाकावरच असायचो, पुढं स्वतःचं मेडिकल टाकलं, त्यामुळं यातलं बरंचसं सामान वापरात असताना बघितलंय. पुस्तकातलं कमी आणि हाताखालचं जास्त सांगणार, चालवून घ्या. नावं मुद्दाम छापत नाही, काहींच्या माळ्यावर जे निघालंय ते शेजाऱ्यांना न कळलेलंच बरं.

प्रश्न (तासगाव): काका, सासूबाईंच्या काळापासून आमच्याकडं एक पांढरी चिनीमातीची बरणी आहे, जाड झाकणाची. तिच्यावर काळ्या इंग्रजी अक्षरात 'उंग. हायड्रार्ज.' असं लिहिलंय. आम्ही दर वर्षी तिच्यात लिंबाचं लोणचं घालतो, छान मुरतं. हे कंपनीचं नाव आहे का?

उत्तर: ताई, आधी लोणचं टाकून द्या, मग पुढचं वाचा. 'उंग' म्हणजे उंग्वेंटम, लॅटिनमध्ये मलम. 'हायड्रार्ज' म्हणजे हायड्रार्जिरम, पारा. तुमची बरणी पाऱ्याच्या मलमाची आहे. एकेकाळी गरमीच्या रोगावर, उवांवर, कातडीच्या दुखण्यांवर हे मलम चोळायचे. आता सासूबाईंनी ती कुठून आणली, त्यात खरंच मलम होतं की दुकान बंद होताना कोरी बरणी घरी आली हे कळायला मार्ग नाही, पण चिनीमातीचं ग्लेझ जुनं झालं की त्याला केसासारख्या बारीक भेगा पडतात आणि आत काय मुरलंय ते घासून निघत नाही, त्यात लिंबाचा आंबटपणा, नको तो जुगार. इतकी वर्षं खाल्लंय म्हणून घाबरून जाऊ नका, पण डॉक्टरांकडं गेलात की एकदा कानावर घाला. बरणी मात्र फेकू नका हो! ती अक्षरं वरून रंगवलेली नाहीत, भट्टीत भाजलेली आहेत, म्हणजे ही बरणी जन्मभर एकाच औषधाची राहणार असं ठरवूनच केलेली. बाकीच्यांनीही आपापल्या बरण्या बघून घ्या. 'टिंक्ट' म्हणजे अर्क, 'पल्व्ह' म्हणजे पूड, 'सिर' म्हणजे पाक. पाकाची असली तरी लोणचं नको.

प्रश्न (सातारा, शनिवार पेठ): आजोबा कंपाउंडर होते. माळा आवरताना वीसेक काचेच्या बाटल्या निघाल्या. काहींना एका बाजूला करवतीसारखी कातरलेली कागदी पट्टी चिकटलीय, एक बाटली गडद निळी, सहा कोनी आणि अंगावर उभ्या रेघा असलेली आहे. निळीला किती येतील? आणि या ओगलेवाडीच्या असतील का? पट्ट्या खराब दिसतात म्हणून पाण्यात भिजवून काढणार आहे.

उत्तर: थांबा, बादली बाजूला ठेवा. तुमच्या अख्ख्या माळ्यावर जपण्यासारखं काय असेल तर त्या पट्ट्या. निळी बाटली विलायतेत कारखान्यात हजारोंनी निघाली, बाजारात आजही मिळते. पट्टी तुमच्या आजोबांनी स्वतःच्या हातानं कापलेली आहे.

नव्या पिढीला माहीत नसेल म्हणून सांगतो. पेशंट आला की कंपाउंडरचा पहिला प्रश्न, "बाटली आणलीय का?" बाटली घरूनच आणायची, कुणी धुऊन आणायचं, कुणी रॉकेलच्या वासाची तशीच. डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणं मिक्श्चर तयार व्हायचं, बाटलीत भरायचं, मग अण्णा रद्दी कागदाची बोटभर पट्टी घ्यायचे, औषध जिथवर आलंय तेवढ्याच उंचीची कापायचे, दोन दिवसांचे दिवसाला तीन असे सहा डोस असतील तर तिच्या सारख्या सहा घड्या, एकीवर एक, आणि कात्रीनं घडीचा कोपरा तिरका उडवायचा. उघडली की सारख्या अंतरावर दात. मागं गव्हाच्या पिठाची खळ लावायची आणि अंगठा वरून खाली ओढत बाटलीला बसवायची, सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं काम, तेसुद्धा समोरच्या म्हातारीशी गप्पा मारत. ज्याला एक अक्षर वाचता येत नाही त्यालाही कळायचं की एका वेळी एका दातापासून पुढच्या दातापर्यंत प्यायचं. चमचा नको, आकडा नको. मी आजवर औषधाच्या दुकानातली बरीच भारी भारी यंत्रं बघितली, पण या पट्टीइतकं डोकं कशातच दिसलं नाही. आणि नेमकी तीच कुणी ठेवत नाही, बाटली धुतली की पट्टी गेली. तुमच्याकडं आहे तर कोरड्या मऊ ब्रशनं धूळ झाडा, बास, पाणी लावू नका, सेलोटेप तर अजिबात नको.

निळीचं सांगतो. ती विषारी औषधाची. अंगावरच्या रेघा शोभेच्या नाहीत, दिव्याच्या उजेडात नाहीतर अंधारात चाचपडताना हाताला खरखर लागली की कळावं, ही प्यायची नव्हे. बहुतेक तिच्यावर काचेतच उठावाची अक्षरं असतील, 'नॉट टू बी टेकन'. अशा बाटल्या निळ्या नाहीतर हिरव्या असायच्या, निळा रंग कोबाल्टचा.

ओगलेवाडीचा मोह मला कळतो. कराडशेजारी १९१६ साली ओगल्यांनी काचेचा कारखाना काढला, प्रभाकर कंदील तिथलाच, साताऱ्याच्या माणसाला जुनी काच दिसली की ती आपलीच वाटते. पण बाटली उलटी करून तळ बघा, नाव असेल तर आहे, नसेल तर उगाच म्हणू नका. वय काढायचं तर बाजूची शिवण बघा, साच्याच्या दोन भागांची रेघ असते ना ती. गळ्यापाशी विरून गेली असेल तर तोंड हातानं घडवलंय. अगदी ओठावरून पलीकडं जात असेल तर बाटली पूर्ण यंत्रावरची, आणि तसलं पहिलं ऑटोमॅटिक यंत्र अमेरिकेत ओवेन्सनं १९०३ च्या सुमाराला चालू केलं, त्याआधीची ती असूच शकत नाही. बुडबुडे दिसले म्हणजे शंभर वर्षं जुनी असं जे विकणारे सांगतात ते सोडून द्या, स्वस्तातल्या काचेत बुडबुडे नंतरही असायचे.

किंमत मी सांगत नाही. या सदरात कधीच सांगणार नाही.

प्रश्न (कराड): पणजोबांच्या कागदांत १९३८ सालची एक डॉक्टरची चिठ्ठी मिळाली. प्रत्येक औषधापुढं ३ काढलाय. सगळंच तीन-तीन द्यायचे का?

उत्तर: तो तीन नव्हेच! फोटो मोठा करून बघितला. तीनच्या आकड्यासारखी दिसणारी ती खूण ड्रामची, औषधं मोजायच्या जुन्या इंग्रजी मापाची. त्याच तीनच्या डोक्यावर आणखी एक छोटा वळसा दिला की तो औंस. आणि उलटा ई दिसला तर स्क्रुपल. खुणेच्या पुढं ज्या छोट्या उभ्या दांड्या आणि वर टिंबं आहेत तो खरा आकडा, रोमन पद्धतीचा. हिशोब असा, २० ग्रेनचा १ स्क्रुपल, ३ स्क्रुपलचा १ ड्राम, ८ ड्रामचा १ औंस, आणि ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम. तुमच्या चिठ्ठीत पहिल्या ओळीत सोडा बायकार्ब, ड्रामची खूण, दोन दांड्या. म्हणजे १२० ग्रेन, पावणेआठ ग्रॅमच्या आसपास. शेवटच्या ओळीत 'ॲक. ॲड' आणि ६ औंस. ॲक म्हणजे ॲक्वा, पाणी, आणि 'ॲड' म्हणजे 'तिथपर्यंत'. इथंच नवीन पोरगं चुकायचं, सहा औंस पाणी ओतून मोकळं व्हायचं, तर तसं नाही, सगळी औषधं घालून झाल्यावर एकूण सहा औंस भरेल इतकंच पाणी. अण्णांनी यावरून मला एकदा सगळ्यांसमोर झापलेलं आहे आणि मी तेव्हा नववीत होतो, पगारावर पण नव्हतो.

खाली 'टी. डी. एस.' आहे ते दिवसातून तीन वेळा. बघा, तीन शेवटी निघालाच. आणि सगळ्यात वर आर च्या पायाला फुली मारलेली जी खूण आजही प्रत्येक डॉक्टर काढतो ती लॅटिन 'रेसिपे', म्हणजे 'घे'. ती गुरू ग्रहाची खूण आहे, रोग्यावर गुरूची कृपा राहावी म्हणून काढतात, असंही सांगणारे भेटतात. ऐकायला गोड आहे. मी 'घे' वर थांबतो.

प्रश्न (वाई): पितळी छोटा तराजू, लाकडी डबी, आत बारकी वजनं, दहा-बारा गुंजा आणि एक चांदीचा रुपया. हे सोनाराचं की वैद्याचं?

उत्तर: दोघांचंही असू शकतं. ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा हे सोनारही मानायचा आणि वैद्यही. पण तुमच्या वजनांवर ड्राम-स्क्रुपलच्या खुणा दिसतायत, सोनाराला त्याचं काय करायचंय? म्हणजे हा माणूस दोन्हीकडचा होता, काढेही द्यायचा आणि इंग्रजी औषधंही. आणि तो रुपया पैसे म्हणून ठेवलेला नाही, ते वजन आहे. इंग्रजांच्या काळातला चांदीचा रुपया १ तोळ्याचा, तोळा १८० ग्रेनचा, आणि ड्राम ६० ग्रेनचा. म्हणजे एक रुपया टाकला की तीन ड्राम! ड्रामचं वजन हरवलं तरी काम अडायचं नाही. रुपया डबीतून काढून देवघरात नेऊ नका, त्याची जागा तिथंच आहे. १९५८ पासून आपल्याकडं मेट्रिक वजनं यायला लागली आणि असल्या डब्या माळ्यावर गेल्या.

दोन सूचना. वजनं पितांबरीनं, चिंचेनं घासू नका, चमक येते पण वजन उतरतं आणि खुणा पुसतात. आणि घरात लहान पोर असेल तर गुंजा वर ठेवा, दिसायला मण्यासारख्या पण दाताखाली फुटली तर जीवावर बेततं.

प्रश्न (मिरज): वडिलांच्या बंद दवाखान्याच्या कपाटात एक छोटी बाटली आहे, तळाशी पिवळे खडे, झाकण गंजून बसलंय, लेबलवर 'पिक्रिक' एवढंच वाचता येतं. झाकण पकडीनं उघडू का?

उत्तर: नाही. नाही. नाही. हा अंक निघायच्या आधीच तुम्हाला फोन केलाय, तरी इथं सगळ्यांसाठी लिहितो. पिक्रिक ॲसिड पूर्वी भाजलेल्यावर लावायचे, बऱ्याच जुन्या दवाखान्यांत असायचं. ओलं आहे तोवर ठीक, पण वर्षानुवर्षं पडून सुकलं की ते स्फोटक होतं, घासलं, आपटलं तरी उडू शकतं, आणि धातूच्या झाकणाशी त्याचं जे काही तयार होतं ते त्याहून नाजूक. त्यामुळं उघडायचं नाही, हलवायचं नाही, पुसायचंसुद्धा नाही. खोली बंद करा, घरच्यांना लांब ठेवा आणि ११२ नाहीतर १०१ ला फोन करून 'जुनं सुकलेलं पिक्रिक ॲसिड' असं स्पष्ट सांगा. मिरजेत वॉन्लेस साहेबांनी १८९४ ला हॉस्पिटल उघडलं तेव्हापासून गल्लोगल्ली दवाखाने, तुमच्यासारखी बंद कपाटं गावात किती असतील म्हणून मला जरा धडकी भरली.

असंच जुन्या इथरच्या बाटलीचं, तीही उघडायची नाही. अफूचा अर्क, मॉर्फिया वगैरे लेबल दिसलं तर १९८५ च्या नार्कोटिक्स कायद्यात जवळ बाळगणंच गुन्हा आहे, आजोबांची आठवण वगैरे चालत नाही, अन्न व औषध प्रशासनाच्या ऑफिसला कळवा. आणि बेसिनमध्ये नाहीतर कृष्णेत ओतून मोकळं व्हायचं नाही. संग्रह रिकाम्या बाटल्यांचाच करावा असं माझं मत आहे, भरलेल्या बाटलीचा अभिमान बाळगणारे लोक मला कळत नाहीत.

प्रश्न (विटा): पितळी पन्हाळ्या असलेली लाकडी फळी, वर तशाच पन्हाळ्यांचा दोन मुठींचा दांडा. आई म्हणते शेवयांचा साचा.

उत्तर: आईंना नमस्कार सांगा, पण हे गोळ्या पाडायचं यंत्र आहे. औषधाची पूड मध, डिंक असल्या कशात मळून कणकेसारखा गोळा करायचा, फळीच्या सपाट भागावर त्याची लांब वळकटी करायची (म्हणजे शेवयांशी नातं आहेच), ती पन्हाळ्यांवर आडवी ठेवायची आणि दांडा दाबून पुढं-मागं सरकवायचा. एका दमात पन्हाळी असतील तेवढ्या गोळ्या, चोवीस असतील तर चोवीस. पन्हाळी मोजून कळवा मला. मग त्या एका लाकडी वाटीखाली फिरवून गोल करायच्या, आणि गिऱ्हाईक पैसेवालं असेल तर लाकडी डबीत चांदीच्या वर्खाबरोबर हलवायच्या. कंपवाताच्या आजारात अंगठा आणि बोट एकमेकांवर जसे फिरतात त्याला डॉक्टर लोक आजही 'पिल रोलिंग' म्हणतात, ते या गोळी वळण्यावरूनच आलं. यंत्रं बंद झाली, शब्द राहिला. तसाच 'टॅब्लॉइड', बरोज वेलकम या लंडनच्या कंपनीनं १८८४ मध्ये आपल्या दाबून केलेल्या गोळ्यांसाठी रजिस्टर केलेलं नाव होतं ते, पुढं छोट्या आकाराच्या पेपरला चिकटलं.

प्रश्न (सांगली, गावभाग): २०१९ च्या पुरात आमच्या जुन्या दुकानाचं औषधांचं रजिस्टर भिजलं. तेव्हापासून वीट झालीय. उघडता येईल का?

उत्तर: माझंही तेच झालंय, त्यामुळं शहाणपणा शिकवत नाही. अण्णांची चिठ्ठ्यांची वही चिखलातनं काढली आणि मी अतिशहाण्यानं ती पत्र्यावर कडक उन्हात वाळवली. पानं आधी वाकली, मग एकमेकांना जी चिकटली ती चिकटलीच. लेबलांची खळ पाघळून ती डिंकासारखी बसलेली. वाळलेल्या विटेत आता सुरी घालू नका, मी घातली, चौदा पानं गेली. कागदाचं काम करणारा माणूस बाष्पावर हळूहळू पानं सोडवतो, जुनी हस्तलिखितं सांभाळणाऱ्या संस्थांमध्ये असं काम करणारे असतात, तिथं दाखवा. आणि पुन्हा पूर आला तर (आपण सांगलीत राहतो, येणारच) भिजलेली वही वाळवायची घाई नको, प्लास्टिकच्या पिशवीत घालून सरळ डीप फ्रीजरमध्ये ठेवा, तिथं बुरशी थांबते आणि विचार करायला वेळ मिळतो. आइस्क्रीमवाल्या मित्राची ओळख असू द्या.

प्रश्न (सांगली, विश्रामबाग): मुलगा जर्मनीत असतो, आम्ही मे महिन्यात जातोय. असलं काही बघण्यासारखं आहे का तिकडं?

उत्तर: हायडेलबर्गचा किल्ला बघायला सगळेच जातात, त्याच किल्ल्यात १९५७ पासून औषधशास्त्राचं म्युझियम आहे, ते बघितल्याशिवाय उतरू नका. जुनी अख्खी दुकानंच्या दुकानं लाकडी खणांसकट मांडलीत. औषधाच्या रंगीत बरण्या दिसतील त्यात कमरेत बारीक असलेल्या शोधा, अल्बारेल्लो म्हणतात, हा घाट पश्चिम आशियातून इटलीत आला. फळीवर दाटीनं लावलेल्या बरण्यांतनं एक काढायची तर बोटं घालायला जागा पाहिजे ना, म्हणून ती कंबर. तोंडाला दोरी बांधायला कडा असते, वर कापड नाहीतर चामडं बांधायचे, आपल्या लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतो तसंच. लंडनला गेलात तर सायन्स म्युझियममध्ये हेन्री वेलकमचा संग्रह आहे. हा त्याच टॅब्लॉइडवाल्या कंपनीचा मालक, जन्मभर जगभरातनं वस्तू गोळा करत सुटला, दहा लाखांच्या वर. स्वतःलाही सगळ्या बघायला मिळाल्या नसणार.

प्रश्न (कोरेगाव): एक व्यापारी अख्खी ट्रंक उचलायला तयार आहे, म्हणतो परदेशात गिऱ्हाईक आहे. देऊ का?

उत्तर: शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू धरली जाऊ शकते, जुनं हस्तलिखित असेल तर पंच्याहत्तर वर्षांवरचं, आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. व्यापाऱ्याला एवढं नुसतं बोलून बघा, चहा अर्धा टाकून उठेल. द्यायचीच असेल तर पुण्यातल्या केळकर संग्रहालयाला विचारा. दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, रोजच्या वापरातल्या वीस हजारांवर वस्तू गोळा करून मुलाच्या, राजाच्या नावानं संग्रहालय केलं, रोजच्या वस्तूचं मोल त्यांना कळलं होतं. पण कुठंही द्या, ट्रंक कुणाची, कुठल्या गावात, कशाला वापरायचे हे दोन पानं लिहून आत ठेवा. नाहीतर तिकडं कुणीतरी त्यावर 'जुनी पेटी' अशी चिठ्ठी लावून मोकळं होईल.

प्रश्न (सांगली, एक आजी, नातीनं लिहून पाठवलंय): माझी सहाण आणि बाळगुटीचा बटवा तुमच्या या यादीत बसतो का, का ते फक्त डॉक्टरांचंच सामान?

उत्तर: आजी, बसतो म्हणजे काय, पहिल्या नंबरात बसतो. हिरडा, बेहडा, वेखंड, सुंठ, जायफळ, हळकुंड, मुरुडशेंग, एकेक सहाणेवर दुधात उगाळायचं, आणि माप काय तर वळसे. हिरड्याचे दोन, जायफळाचा अर्धाच नाहीतर पोर दिवसभर झोपेल. हे ग्रेन-ड्रामसारखंच डोसाचं कोष्टक आहे, फक्त कुठं लिहिलेलं नाही, तुमच्या मनगटात आहे. आजच्या बाळाला गुटी द्यायची का नाही ते बाळाच्या डॉक्टरांना विचारायचं, त्यात मी पडत नाही. नातीला एवढंच सांगा की बटव्यातली एकेक वस्तू कागदावर ठेवून फोटो काढ, शेजारी आजी सांगेल तितके वळसे लिही, आणि हिरड्याची जी बाजू उगाळून उगाळून सपाट झालीय ती वर येईल असा ठेव. फोटो पाठवा, पुढच्या अंकात छापतो.